लेस्टरहून आलेलं वेप

पत्र

डॉक्टर, नमस्कार. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. मिस्टरांचं युनिफॉर्म शिवायचं छोटं युनिट आहे. वय ४५. विसाव्या वर्षापासून सिगारेट ओढतात, दिवसाला बारा-तेरा. माझे दीर इंग्लंडात लेस्टरला असतात. यंदा गड्ड्याच्या यात्रेला आले तेव्हा त्यांनी मिस्टरांना एक वेप, म्हणजे ई-सिगारेट, आणून दिलं. म्हणाले, "दादा, तिकडे डॉक्टरच हे देतात, मी स्वतः असंच सोडलं." आता तीन महिने झाले. सिगारेट सातवर आली, पण वेप दिवसभर हातात असतं. जेवताना, टीव्हीपुढे, झोपायच्या आधीसुद्धा. सात म्हणजे निम्मं झालंच की, असं ते म्हणतात.

खरी काळजी पुढे आहे. मुलगा १९ वर्षांचा, पुण्याला इंजिनीअरिंगला. तो कधी सिगारेट ओढत नव्हता. सुट्टीत आला तेव्हा त्याच्या बॅगेत आंब्याच्या वासाचं तसलंच यंत्र सापडलं. विचारलं तर म्हणाला, "काका देतात ते चालतं, मग माझं का नाही? जगभर लोक ओढतात. आपल्याकडे सिगारेट कंपन्यांच्या भल्यासाठी बंदी घातलीय." सासूबाईंनी आयुष्यभर विड्या वळल्या. त्या म्हणतात, धूर नाही तर काय बिघडलं? कुणाचं खरं मानू? नवऱ्याला ओढू द्यावं का? आणि मुलाला काय सांगू? (नाव छापू नये.)

उत्तर

ताई, नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. तुमच्या घरात दोघांच्या हातात एकच वस्तू आहे, म्हणून तुम्ही दोघांना एकाच प्रश्नात बसवलंय. मुलगाही तेच करतोय, "काका देतात ते चालतं, मग माझं का नाही" असं म्हणून. मला आधी बाप-लेकाला वेगळं करायचंय. पंचवीस वर्षं सिगारेट ओढलेल्या माणसाच्या हातातलं वेप आणि कधीच सिगारेट न ओढलेल्या पोराच्या हातातलं वेप, ही माझ्या लेखी दोन वेगळी प्रकरणं आहेत. देशोदेशीचे आकडे नीट पाहिले की हेच दिसतं.

तुमच्या दिरांपासून सुरू करते, कारण ते खोटं बोलत नाहीत. इंग्लंडच्या सरकारने २०२३ च्या एप्रिलमध्ये जाहीर केलं की सिगारेट सोडू पाहणाऱ्या दहा लाख लोकांना वेपचं सुरुवातीचं किट मोफत देऊ आणि सोबत समुपदेशनही देऊ. डॉक्टर चिठ्ठीवर लिहून देतात असं नाही, पण सिगारेट सोडवण्याच्या तिथल्या सरकारी सेवांमधून ते मिळतं. त्या देशात १९७४ साली ४५ टक्क्यांहून जास्त प्रौढ सिगारेट ओढत होते. २०२४ च्या सरकारी पाहणीत ब्रिटनमधल्या १६ वर्षांवरच्या लोकांत वेप ओढणारे साधारण १० टक्के आणि सिगारेट ओढणारे ९ टक्के निघाले. वेप पुढे आणि सिगारेट मागे, असं तिथे पहिल्यांदाच झालं. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका मोठ्या पाहणीत वेप ओढणाऱ्या प्रौढांपैकी निम्म्याहून जास्त जण सिगारेट सोडलेले होते. कधीच सिगारेट न ओढलेले शंभरात आठच. म्हणजे तिथल्या प्रौढांचं वेप हे मुख्यतः जुन्या सिगारेटवाल्यांचं वेप आहे. दीर स्वतः त्यांच्यातलेच, म्हणून त्यांना सगळं जग तसंच दिसतं.

त्यामागे अभ्यासही आहे. इंग्लंडमधल्याच ८८६ जणांवर एक चाचणी झाली आणि २०१९ साली तिचे निष्कर्ष छापून आले. सिगारेट सोडायला आलेल्या या लोकांपैकी निम्म्यांना निकोटिनची च्युइंगगम, पट्टी वगैरे दिलं, निम्म्यांना वेप. दोन्ही गटांना निदान चार आठवडे, दर आठवड्याला समुपदेशन. वर्षानंतर सिगारेट पूर्ण सुटलेले वेपच्या गटात शंभरातले १८, दुसऱ्या गटात शंभरातले १०. वेप सरस ठरलं, हे मी लपवणार नाही. पण त्याच चाचणीतली दुसरी गोष्ट तुमच्या दिरांनी बहुतेक सांगितली नसेल. वेपवर सिगारेट सोडलेल्यांपैकी ८० टक्के लोक वर्षानंतरही वेप ओढतच होते. गम-पट्टीवाल्यांत वर्षानंतर आपलं औषध वापरणारे फक्त ९ टक्के होते. सिगारेट गेली, निकोटिन राहिलं.

आता मिस्टरांकडे बघा. त्यांना यंत्र मिळालं, पण त्याबरोबरचं बाकीचं काहीच मिळालं नाही. सिगारेट कोणत्या तारखेला बंद करायची ते ठरलं नाही, दर आठवड्याला विचारणारं कुणी नाही. तिकडे वेप देतात ते सिगारेटच्या जागी, तुमच्या घरी ते सिगारेटच्या शेजारी येऊन बसलं.

असे दोन्ही ओढणारे लोक ब्रिटनमध्येही आहेत. मघाच्याच पाहणीत वेप ओढणाऱ्यांतले ३९ टक्के लोक सिगारेटही ओढत होते. पण याचं खरं चित्र मला इंडोनेशियात दिसतं. तिथे प्रौढांची तंबाखूची जागतिक पाहणी २०११ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये झाली. या दहा वर्षांत वेपचं प्रमाण ०.३ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर गेलं, म्हणजे दहापट झालं. आणि सिगारेट? दर तीन पुरुषांतले जवळजवळ दोन आजही ओढतात. वेप आलं म्हणून सिगारेट हटली नाही, तिने थोडं सरकून त्याला जागा करून दिली.

"सात म्हणजे निम्मं झालंच की," यावर मला जरा थांबायचंय, कारण ही समजूत माझ्याकडे येणाऱ्या जवळपास प्रत्येक सिगारेटवाल्याची असते. फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका सिगारेटच्या संख्येप्रमाणे बराचसा कमी-जास्त होतो, हे खरं. हृदयाचा हिशेब तसा नाही. जगभरातले बरेच अभ्यास एकत्र करून २०१८ मध्ये एक हिशेब मांडला गेला. दिवसाला वीस सिगारेटी ओढणाऱ्याच्या हृदयाला जो जादा धोका असतो, त्यातला जवळपास निम्मा धोका दिवसाला एकच सिगारेट ओढणाऱ्यालाही असतो. वीसचा विसावा हिस्सा नाही, निम्मा. तेव्हा तेरावरून सातवर आलेल्या ४५ वर्षांच्या माणसाच्या हृदयाला त्याचा फायदा थोडकाच. फायदा खरा कळतो तो शून्यावर आल्यावर.

आणि वेप मोजता येत नाही, ही आणखी एक अडचण. मागे एक गृहस्थ माझ्याकडे आले होते, पन्नाशीचे, टॉवेलच्या धंद्यातले. नंबर लागायचा होता म्हणून दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसले होते. माझ्या खुर्चीतून तो बाक दिसतो. फोन वाजला की हात खिशात, यंत्र तोंडाला, एक झुरका, पुन्हा खिशात. फोन संपला की पुन्हा एक. शेजारचा माणूस उठून गेला तरी एक. वीस मिनिटांत मी अकरा झुरके मोजले. आत आल्यावर विचारलं, "आत्ता बाहेर किती वेळा ओढलंत?" ते अगदी मनापासून म्हणाले, "एकदा. फार तर दोनदा." खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच कळलं नव्हतं. सिगारेट पेटवावी लागते, विझते, थोटूक टाकावं लागतं, बाहेर जावं लागतं, बायको नाक मुरडते. दर सिगारेटला एक शेवट असतो. वेपला शेवटच नाही. तुम्ही लिहिलंय ना, जेवताना, टीव्हीपुढे, झोपायच्या आधी. मिस्टर पूर्वी बिछान्यात सिगारेट ओढत होते का? नसणार. निकोटिन आता अशा जागी पोचलंय जिथे सिगारेट कधीच पोचली नव्हती.

सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर मी आदराने देते, कारण धूर म्हणजे काय हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार. पूर्व भागात दवाखाना असल्यामुळे अशा कितीतरी आया मी तपासल्या आहेत. मांडीवर सूप, भिजवलेला तेंदूपत्ता, मापावर कात्रीने कापलेलं पान, चिमटीत तंबाखू, बोटांत वळवून दोरा आणि टोक मुडपून पुढची विडी. दिवसाला हजार भरायच्या म्हणून मान वर करायलाही सवड नाही. स्वतः कधी ओढली नाही, तरी तंबाखूच्या धुळीने खोकला जडलेल्या बायका माझ्या ओळखीच्या आहेत. त्यांना सांगा, धूर नाही हे निम्मं खरं आहे. वेपमध्ये काही जळत नाही. बॅटरीवर तार तापते आणि द्रवाची वाफ होते. म्हणून जळण्यातून येणारं डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड त्यात नसतं, आणि म्हणूनच सिगारेट-विडीपेक्षा त्यात विष कमी. पण ते पाणी नव्हे. त्या द्रवात प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, वासाची रसायनं आणि निकोटिन असतं. निकोटिन म्हणजे त्यांच्या सुपातल्या तंबाखूचाच अर्क. वीस-तीस वर्षं रोज ही वाफ आत घेतल्यावर फुप्फुसाचं काय होतं, हे सांगायला तेवढी जुनी माणसंच अजून नाहीत. आजच्या धर्तीचं हे यंत्र चीनमधल्या होन लिक नावाच्या फार्मासिस्टने २००३ च्या सुमारास बनवलं. ते स्वतः भारी सिगारेट ओढणारे होते आणि त्यांचे वडील फुप्फुसाच्या कॅन्सरने गेले. त्यांच्या मनात तुमच्या मिस्टरांसारखाच माणूस होता.

तुमच्या मुलासारखा पोरगा त्यांच्या मनात नव्हता.

अमेरिकेचे आकडे त्याला जरूर दाखवा. तिथे प्रौढांत वेपचं प्रमाण २०२० मध्ये ३.७ टक्के होतं, २०२३ मध्ये ६.५ झालं. ब्रिटनपेक्षा कमी वाटतं ना? पण कुणाच्या हातात आहे ते बघा. २१ ते २४ वयाच्या तरुणांत ते १५.५ टक्के आहे. २०२१ च्या सरकारी पाहणीत, वेप ओढणाऱ्या १८ ते २४ वयाच्या दर दहांपैकी सहा जणांनी आयुष्यात कधी सिगारेट ओढलेलीच नव्हती. ते काही सोडायला आले नव्हते, धरायला आले होते. न्यूझीलंडने ब्रिटनसारखंच वेपला सिगारेट सोडण्याचं साधन मानलं. रोज सिगारेट ओढणारे तिथे २०२३-२४ मध्ये ६.९ टक्क्यांपर्यंत खाली आले, ही मोठीच गोष्ट. पण रोज वेप ओढणारे ११.१ टक्के झाले, आणि त्यांत तरुणांचा भरणा मोठा. शेवटी एकदा वापरून फेकायची वेप त्यांनी २०२५ च्या जूनमध्ये बंद केली. ब्रिटननेही त्याच महिन्यात केली, १ जूनला. बेल्जियमने त्याआधी जानेवारीत, फ्रान्सने फेब्रुवारीत. ऑस्ट्रेलियाने तर २०२४ च्या जुलैपासून वेप फक्त औषधाच्या दुकानात ठेवलं. दार उघडलं तिथे मोठ्यांच्या मागोमाग पोरंही आत शिरली, म्हणून आता ते देश दार अर्धं लावून घेत आहेत. तेव्हा "जगभर लोक ओढतात" हे मुलाचं म्हणणं खरं असलं, तरी जगभर लोक त्यावरून हात पोळूनही घेत आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये सांगितलं की जगात वेप ओढणारे दहा कोटींवर आहेत. त्यांत निदान ८ कोटी ६० लाख प्रौढ, आणि १३ ते १५ वर्षांची दीड कोटी मुलं. तुमच्या मुलाला विचारा, या दीड कोटी पोरांना कोणती सिगारेट सोडायची होती?

त्याच्या बॅगेतलं यंत्र पुन्हा हातात घ्या आणि त्यावरचे आकडे वाचा. इंग्लंडमध्ये कायद्याने एक मिलिलिटर द्रवात २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त निकोटिन चालत नाही, आणि टाकी दोन मिलिलिटरच्या वर नाही. चोरून येणाऱ्या यंत्रांवर बहुतेकदा ५ टक्के लिहिलेलं असतं. पाच म्हणजे थोडं, असं पोरांना वाटतं. त्याचा अर्थ मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम, म्हणजे काकांच्या देशात चालेल त्याच्या अडीचपट. त्यात हे निकोटिन क्षाररूपात असतं, ते घशाला खवखवत नाही, म्हणून नवख्यालाही पहिल्याच दिवशी ओढता येतं. सिगारेटचा पहिला झुरका ठसका लावतो, त्या ठसक्याने कितीतरी पोरं वाचली असतील. आंब्याच्या वासाने तो ठसकाही काढून घेतला. एकोणिसाव्या वर्षी मेंदूची घडण पूर्ण झालेली नसते, ती साधारण पंचविशीपर्यंत चालते. या वयात लागलेली निकोटिनची सवय जास्त खोल रुजते.

आता बंदीचं. मुलगा म्हणतो त्यात काही तथ्य आहे, ते नाकारू नका. नाकारलंत तर तो पुढचं ऐकणार नाही. प्रत्येक टपरीवर सिगारेट मिळते, सरकारी विमा कंपनीचे सिगारेट कंपनीत मोठे शेअर आहेत, आणि सिगारेटपेक्षा कमी विषारी यंत्रावर मात्र बंदी. हे विसंगत आहे आणि मलाही ते खुपतं. माझं चाललं असतं तर टपरीवरच्या विड्या-सिगारेटींवर याहून कडक नियम आले असते. तरीही आपल्याकडची बंदी मला बरोबर वाटते, आणि त्याचं कारण आपल्याच घरात आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत भारतात २८.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते. एकूण प्रौढांत ओढणारे १०.७ टक्के, आणि खाणारे, चघळणारे, लावणारे २१.४; काही जण दोन्हीकडे मोजलेले. महाराष्ट्रात तर ओढणारे ३.८ टक्केच आणि बिनधुराची तंबाखू वापरणारे २४.४. आपलं दुखणं चुना-तंबाखूच्या डबीत आहे, मावा-गुटख्याच्या पुडीत आहे, सकाळच्या मिश्रीत आहे. गालाच्या आत पांढरा चट्टा घेऊन जो माणूस माझ्याकडे येतो, त्याला वेपचा काय उपयोग? इंग्लंडला वेप देऊन सिगारेटमधून बाहेर काढायला लाखो लोक होते. आपल्याकडे वेप उघडलं असतं तर ते पोचलं असतं कॉलेजच्या कट्ट्यावर. त्याच पाहणीत आपल्याकडे वेप वापरणारे ०.०२ टक्के होते, दहा हजारांत दोन. तेवढ्यावर असतानाच सरकारने सप्टेंबर २०१९ मध्ये अध्यादेश काढला आणि वर्षअखेर कायदा झाला. बंदीने सगळं थांबतं असं मी म्हणत नाही. राज्यात गुटखाबंदी २०१२ पासून आहे आणि पुडी कुठे मिळते हे सोलापुरात शाळकरी पोरालाही माहीत असतं. पण उघड जाहिरात, सणाची सूट, मॉलमधली काचेची कपाटं, हे वेपच्या बाबतीत झालं नाही.

कायदा नेमका काय म्हणतो तेही घरात सगळ्यांना माहीत असू द्या. बनवणं, आयात, विक्री, वाटप, साठा, ने-आण, जाहिरात, सगळ्याला मनाई आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केलं तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा सापडला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नुसत्या ओढणाऱ्यासाठी वेगळी शिक्षा त्यात लिहिलेली नाही, म्हणून पोरं निर्धास्त असतात. पण दिरांनी बॅगेतून आणलं, ती आयातच झाली. आणि मुलगा होस्टेलवर "तुझ्यासाठी एक आणलंय" म्हणून पैसे घेऊन मित्राला देत असेल, तर ती विक्री आहे. हे त्याला आजच सांगा. एकोणिसाव्या वर्षी अशा प्रकरणात नाव येणं परवडणारं नाही.

मिस्टरांच्या वेपबद्दल मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट आता सांगते. लेस्टरची बाटली तीन महिन्यांत संपली असणार. मग आता त्यात काय भरलं जातंय? तिकडच्या बाटलीवर निकोटिन किती, काय काय घातलंय, ते छापलेलं असतं आणि तपासणारं खातं असतं. इकडे चोरून मिळणाऱ्या बाटलीमागे कुणीच नाही. अमेरिकेत २०१९ मध्ये वेप ओढणाऱ्यांची फुप्फुसं अचानक निकामी व्हायला लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण रुग्णालयात गेले आणि ६८ दगावले. शोध घेतल्यावर मुख्य दोषी निघालं व्हिटॅमिन ई ॲसिटेट, गांजाच्या अर्काच्या चोरट्या द्रवात घट्टपणासाठी घातलेलं. दुकानातल्या साध्या निकोटिन वेपचं ते मुख्यतः प्रकरण नव्हतं, हे मुद्दाम लिहिते, कारण ही बातमी उगाच सगळ्या वेपवर चिकटवतात. पण बाटलीत काय आहे हे ठाऊक नसलं की काय होतं, ते त्यातून कळतं. सिंगापुरात वेप बाळगणं आणि ओढणंही २०१८ पासून गुन्हा आहे, तरी चोरट्या वेपमध्ये भूल देण्याचं औषध एटोमिडेट सापडायला लागलं, आणि २०२५ मध्ये त्यांना ते अमली पदार्थांत घालावं लागलं. चोरबाजारातल्या बाटलीची खात्री बंदी असलेल्या देशातच सगळ्यात कमी, आणि आपण त्याच देशात राहतो.

म्हणून "ओढू द्यावं का" याला माझं उत्तर, नाही. पण "वेप टाक" असं म्हणून त्यांना पुन्हा तेरा सिगारेटींकडे ढकलू नका. ते आजपेक्षा वाईट होईल. तेरावरून सातवर आले म्हणजे त्यांना सोडायचंय. ती इच्छा धरून पुढे जायचं.

दोघांनी बसून एक तारीख ठरवा, पुढच्या पंधरा दिवसांतली. ऑर्डरीच्या घाईचे दिवस टाळा. शाळा सुरू व्हायच्या आधी युनिफॉर्मवाल्यांचं काय होतं ते मी बघते. त्या दिवशी सिगारेट आणि वेप दोन्ही बंद, आणि निकोटिनची गम सुरू. ती औषधाच्या दुकानात मिळते, कायदेशीर आहे, तिच्यात किती काय आहे ते छापलेलं असतं. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत सिगारेट लागत असेल तर ४ मिलिग्रॅमची लागेल, ती डॉक्टरांना विचारून. उशिरा लागत असेल तर २ ची पुरते. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, मग हळूहळू कमी करत बारा आठवड्यांत बंद.

गम खायची रीत कुणी सांगत नाही, म्हणून अर्धे लोक "काही उपयोग नाही, नुसती जळजळ होते" म्हणून सोडून देतात. ती च्युइंगगमसारखी चघळत राहायची नाही. सावकाश चावायची. तिखटसर चव आली, झिणझिण्या आल्या की थांबायचं आणि गाल व हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायची. चव गेली की पुन्हा दोन-चार वेळा चावायची, दुसऱ्या गालात ठेवायची. असं अर्धा तास. तंबाखूची गोळी दाढेखाली ठेवणाऱ्याला हे लगेच जमतं, सिगारेटवाल्याला शिकवावं लागतं. आणि गम तोंडात असताना किंवा त्याआधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी नाही, नाहीतर निकोटिन नीट शोषलंच जात नाही. सोलापुरी माणसाला ही अट जड जाते, मला माहीत आहे. तल्लफ आली तर ती तीन-पाच मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ युनिटमधल्या बायकांशी बोलावं, कापड मोजावं, तुम्हाला फोन करावा. पहिला आठवडा सगळ्यात कठीण, चिडचिड होणार, झोप बिघडणार. त्या आठवड्यात त्यांच्या बोलण्याचं मनावर घेऊ नका.

गमने भागलं नाही तर गोळ्या आहेत, व्हरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑन. त्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच, कारण प्रत्येकाला चालत नाहीत. त्याआधी एकदा बीपी, साखर आणि कार्डिओग्राम करून घ्या. ४५ व्या वर्षी, पंचवीस वर्षांच्या सिगारेटनंतर, हे तसंही करायलाच हवं. आणि इंग्लंडच्या त्या चाचणीतला दर आठवड्याला विचारणारा माणूस इकडेही मिळतो. राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइनचा नंबर १८००-११-२३५६, फोन फुकट. सिव्हिललाही तंबाखू सोडण्याच्या समुपदेशनाची चौकशी करा. फोन मिस्टरांनी स्वतः करायचा, तुम्ही नाही.

मुलाच्या बाबतीत बॅग तपासणं आता थांबवा. एकदा सापडलं, पुरे. त्याला शांतपणे एकच विचारा, सकाळी डोळे उघडल्यावर किती वेळाने हातात घेतोस? दुपारनंतर कधीतरी, मित्रांबरोबर, असं म्हणाला तर सवय अजून वरवरची आहे, टाकून दिलं तरी सुटेल. अंथरुणातच, दात घासायच्या आधी, असं म्हणाला तर त्याला रागवायचं नाही, माझ्याकडे किंवा पुण्यातल्या डॉक्टरांकडे न्यायचं. त्याला गम द्यायची की नाही हे तपासल्याशिवाय मी सांगणार नाही. क्विटलाइनवर तोही बोलू शकतो. आणि त्याच्यासमोर बापाने वेप ओढणं आजपासून बंद. "काका देतात ते चालतं" हे वाक्य त्याने हवेतून आणलेलं नाही.

राहिलेली बाटली घरात असेल तर ती उंच कपाटात कुलपात ठेवा. शेजारपाजारची लहान मुलं येत असतील, तर तो द्रव घोटभर पोटात जाणंही जिवावर बेतू शकतं. नंतर ते यंत्र ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका, आत लिथियमची बॅटरी आहे, घंटागाडीत दाबली गेली तर पेट घेते. ई-कचऱ्यात द्या.

दिरांचा फोन आला की त्यांना दोष देऊ नका. भावावरच्या मायेने आणलं त्यांनी. त्यांना एवढंच सांगा की पुढच्या गड्ड्याला येताना बॅगेत वेप नको, आणि ठरलेल्या तारखेपासून पहिले पंधरा दिवस रोज रात्री दादाला फोन करावा. स्वतः सोडलेल्या सख्ख्या भावाचा फोन गमपेक्षा कमी कामाचा नाही.

तारीख ठरली की मला कळवा. सोबत दोन आकडे लिहा, मिस्टरांना सकाळी उठल्यावर पहिली सिगारेट किती मिनिटांनी लागते, आणि मुलाने काय उत्तर दिलं.